बाईच्या नावापुढची खूण

सरकारी छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणत. तोंडावर ‘कानामात्रा साहेब’, पाठीमागे नुसता कानामात्रा. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मुद्रितशोधक म्हणून त्याची चौतीस वर्षं तिथे गेली होती आणि एवढ्या वर्षांत एखादा काना किंवा एखादी मात्रा तिथून निसटून बाहेर गेलीच असेल, तर तो रजेवर असताना. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्याने सात चुका काढून परत पाठवली होती. “आठवी चूक ह्यांना दिसली नाही, ती माझ्या शेजारी उभी होती,” असं त्याची बायको एकतीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली.

ती गेली त्याला आठ महिने झाले होते. टेलिफोन केंद्रात ती ऑपरेटर होती. एका रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ‘जरा बसते’ म्हणून खाली बसली, ती उठली नाही. कानामात्रा चौथ्या दिवशी कामावर हजर झाला. खंबीर माणूस, असं सगळे म्हणाले. खंबीर वगैरे काही नव्हता. हाताला मुंग्या आल्यावर चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. भूक लागायची नाही, पण जेवायची वेळ झाली की तो जेवायचा. झोपही लागायची. रडू मात्र आलं नाही. लेक त्याच्या गळ्यात पडून रडली तेव्हा तो तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि समोरच्या कॅलेंडरवर ‘मार्च’मधला रफार जरा डावीकडे सरकलाय, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. त्याबद्दल त्याला स्वतःची लाज वाटली, तीही नंतर, बरीच उशिरा.

लेक दूरच्या गावी दिलेली. पंधरा दिवस राहिली, आईचं कपाट आवरलं. बँक, पेन्शन, टेलिफोन खात्याची सोसायटी, जिथे जिथे आईचं नाव होतं तिथे जाऊन ते काढून आली. निघताना म्हणाली, “बाबा, मतदारयादीतलं तेवढं राहिलंय. ते तुमचंच खातं, तुम्ही करा.”

“करतो,” तो म्हणाला. केलं नाही.

अर्ज म्हणजे काय, एक पान. मयत, स्थलांतर, दुबार या तिन्हींपैकी एकावर खूण करायची, खाली सही. तो अर्ज त्याच्याच छापखान्यात छापला होता आणि त्यानेच तपासला होता. टेबलाच्या खणात कोऱ्या अर्जांचा गठ्ठा पडलेला असायचा. रोज सकाळी लाल पेन्सिल काढायला तो खण उघडायचा, गठ्ठा दिसायचा, पेन्सिल घेऊन खण बंद करायचा.

मग याद्या नव्याने करायचं काम निघालं आणि एका दुपारी एक शाळामास्तरीण वही घेऊन दारात आली. घामाघूम झालेली, चौथा जिना चढून आलेली.

“काका, घरात मतदार किती?”

“दोन.”

तिने वहीतून दोन्ही नावं वाचून दाखवली. “बरोबर?”

“बरोबर.”

आपण खोटं बोललो हे त्याला दार लावल्यावर कळलं. ठरवून बोलला नव्हता. लेक सासरी गेल्यापासून ‘घरात माणसं किती’ या प्रश्नाचं एक उत्तर जिभेवर बसलेलं असतं, ते तोंडातून गेलं. जिना उतरणाऱ्या चपलांचा आवाज येत होता. हाक मारता आली असती. तो दाराला हात लावून आवाज थांबेपर्यंत उभा राहिला.

आता यादीतलं नाव म्हणजे काय चीज असते, हे कानामात्राला कुणी शिकवायची गरज नव्हती. छापखान्याच्या मागच्या खोलीत जुन्या याद्या बांधून ठेवलेल्या होत्या. सगळ्यात जुनी यादी शाळेच्या वहीएवढी. सबंध शहर तिच्यात मावलं होतं, कारण ज्याचं स्वतःचं घर आणि जमीन त्यालाच मत. सगळे पुरुष. तिच्यानंतरची थोडी जाड. तिच्यात वकील, डॉक्टर, पदवीवाले शिरले होते आणि सात बायका होत्या, सातही मालमत्तावाल्या विधवा. आणि त्यानंतर एकदम अशी यादी, की जिचे खंड हातगाडीवरून आणावे लागले. एकवीस वर्षं पूर्ण झालेला जो कोणी असेल तो. झाडूवाला, कारखानदार, मोलकरीण, सगळी एका टायपात, एकाच आकाराच्या अक्षरात. नव्याने नोकरीला लागलेल्यांना तो मुद्दाम ती खोली दाखवायचा. “आधी शहरात माणसं कमी होती असं समजू नका. माणसं तेवढीच होती. लिहिलेली कमी होती.” नवीन मंडळी माना डोलवायची आणि चहाला पळायची.

त्या जाड यादीत त्याची आई होती आणि नव्हती. म्हणजे झालं असं. यादी करणारा कारकून दारात आला, तेव्हा बापूस गाडीकारखान्यात कामावर, घरात आई आणि काका. बाईचं नाव काय, असं कारकुनाने विचारलं. परक्या माणसाला बाईचं नाव कशाला पाहिजे, म्हणून काकाने गुरकावून ‘फिटरची बायको’ असं लिहायला लावलं. गल्लीत तेच चाललं होतं. कुणी सुताराची आई होती, कुणी पोस्टमनची बहीण. मग वरून हुकूम आला, की जिला स्वतःचं नाव नाही ती मतदार नाही. असल्या सगळ्या आया, बहिणी आणि बायका एका फटक्यात खोडल्या गेल्या. मतदानाच्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून दोन तास रांगेत उभी राहिली. टेबलापाशी पोचली तेव्हा कळलं. घरी येऊन तिने कपडे बदलले आणि भाजी चिरायला घेतली.

पुढच्या खेपेला यादीवाला आला, तेव्हा आई दाराबाहेर येऊन उभी राहिली आणि स्वतःचं नाव अशा आवाजात सांगितलं, की समोरच्या घरातली म्हातारी, कोणाचं भांडण झालं, म्हणून विचारायला आली. त्यानंतर तिने एकही मतदान चुकवलं नाही. ती गेली तेव्हा आठव्या दिवशी कानामात्राने तिचं नाव वगळायचा अर्ज भरला. भाऊ म्हणाला, घाई काय आहे? तर हा त्याच्यावर उखडला. “मेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवायचं म्हणजे घराची किल्ली बाहेर खुंटीला लावून ठेवायची. कुणीही येईल आणि तिच्या नावाने मत टाकून जाईल. त्या नावासाठी ती दोन तास उन्हात उभी होती!” सगळं कळत होतं माणसाला. आईच्या वेळी कळत होतं तेवढंच आताही कळत होतं.

बायकोचा आणि यादीचा संबंध वेगळाच. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं त्या वर्षी छापखाना तीन महिने दोन पाळ्यांत चालला आणि लेकीचं नाव पहिल्यांदा छापून आलं. बायको म्हणाली, ते पान मला आणून द्या, जपून ठेवीन. सरकारी कागद घरी आणत नाहीत, असं सांगून कानामात्राने हात हलवत घर गाठलं. पुढचे तीन आठवडे ती त्याच्याशी फक्त यादीच्या भाषेत बोलली. मीठ, संपलं. साबण, संपला. दूधवाला, आला नाही. शेवटी लेकीने मध्यस्थी केली.

असो. तर शाळामास्तरणीच्या वहीतली माहिती संगणकात गेली आणि तिथून छापखान्यात आली. यादी भाग सत्तावीस म्हणजे कानामात्राची गल्ली. याद्या तपासायची रीत अशी, की एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवून ओळीगणिक लाल खूण करत जायचं. मोठ्याने वाचायला होती वाचकबाई. तोंडाने फटकळ, पण वाचताना एक अक्षर गिळणार नाही. अकरा वर्षं दोघांची जोडी होती.

“तीनशे बारा, घर चौदा,” बाईने वाचलं, आणि मग त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, “पु, सत्तावन्न.”

त्याने खूण केली.

“तीनशे तेरा, घर चौदा.” बाई अडखळली. मग तिने नाव वाचलं, पतीचं नाव वाचलं. “स्त्री, चोपन्न.”

मागच्या यादीत त्रेपन्न होतं. संगणक सगळ्यांना सरसकट एकेक वर्ष वाढवतो, त्यात तिलाही मिळालं होतं.

“साहेब.”

“मूळ प्रतीत आहे ना?”

“आहे.”

“मग पुढचं वाचा.”

“मूळ प्रतीत चूक होती म्हणून सोडून दिली, असं म्हणणाऱ्या किती जणांना तुम्ही माझ्यासमोर झापलंय!”

बाईने चष्मा काढून पदराला पुसला. “माझे हे गेले तेव्हा वर्षभर त्यांच्या नावाने पत्रं यायची. पोस्टमनचा असा राग यायचा! मग एक दिवस पत्रं बंद झाली. तेव्हा तर त्या बिचाऱ्याला मारावंसंच वाटलं.” चष्मा पुन्हा चढवून ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा. मी फक्त वाचते.”

तीनशे तेराच्या पुढे त्याने लाल खूण केली. हात नेहमीसारखा चालला, आणि त्याचंच त्याला पुढे दोन दिवस आश्चर्य वाटत राहिलं. पत्रिकेतल्या रफारासाठी आकाशपाताळ एक करणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा समोर दिसणारी चूक पास केली होती. वाटलं काय, तर काहीच नाही. फक्त एवढं, की कुठेतरी एका कागदावर दोघं अजून एकाखाली एक आहेत, एका घरात.

मतदानाच्या दिवशी तो दुपारी तीनला निघाला. केंद्र नेहमीचंच, गल्लीच्या टोकाची शाळा, तिसरीचा वर्ग. फळ्यावर कालचा सुविचार अर्धा पुसलेला. केंद्राध्यक्ष म्हणून पाणीपुरवठा खात्यातला कुणी चाळिशीचा अधिकारी बसला होता. यादी घेऊन एक तरुण कारकून आणि बाजूच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन उमेदवारांचे एजंट. खोटा मतदार आला तर ‘हा तो नव्हे’ म्हणून हरकत घेणं हे या एजंटांचं काम. त्यांतला एक गल्लीतला सायकल दुकानवाला होता.

कारकुनाच्या हातात लाल पेन होतं. पुरुष मत देऊन गेला की त्याच्या नावाखाली रेघ मारायची, आणि बाई असली तर रेघ मारून शिवाय नावापुढे बरोबरची खूण करायची. दिवसअखेर किती बायकांनी मतदान केलं हे वेगळं मोजता यावं म्हणून ही पद्धत. कानामात्राला ती फार आवडायची. ज्यांना एकेकाळी एका फटक्यात खोडलं, त्यांना आता एकेक करून मोजतात, असं तो बायकोला दर निवडणुकीला न चुकता सांगायचा आणि ती न चुकता जांभई द्यायची.

कारकुनाने तीनशे बारा शोधून त्याचं नाव मोठ्याने पुकारलं आणि खाली रेघ मारली. कानामात्राची नजर सवयीने पुढच्या ओळीवर गेली. तीनशे तेरा. खाली लाल रेघ. पुढे बरोबरची खूण.

“हे काय?”

“काय, काका?”

“तीनशे तेरा.”

“त्या येऊन गेल्या सकाळी.”

आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला आनंद झाला. येऊन गेल्या. ती नेहमी सकाळीच यायची, कामावर जायच्या आधी, रांगेत पहिल्या दहात. आठ महिन्यांत त्याला जे काही पहिल्यांदा वाटलं ते हे, छातीत एकदम काहीतरी उसळल्यासारखं. “किती वाजता?” त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज चक्क हसरा होता.

“सुरुवातीलाच. साडेसात असतील. काका, मागे रांग बघा.”

मग तो आनंद ओसरला.

“तीनशे तेरा मयत आहे,” तो म्हणाला. त्याच्या तोंडी कचेरीचाच शब्द आला. “आठ महिने झाले.”

कानामात्राने सायकलवाल्याकडे पाहिलं. हाच माणूस त्या रविवारी सगळ्यांच्या आधी धावत आला होता, तिला खाली आणायला याचाच खांदा होता.

“तुम्हाला तर माहीत होतं.”

सायकलवाला छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, “मी तेव्हा चहाला गेलो असेन.”

“साडेसातला? मतदान सुरू झाल्या झाल्या?”

“यादीत नाव होतं ना, काका,” सायकलवाला म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “आम्हाला वाटलं, तुम्हीच ठेवलं असेल. कुणासाठी तरी.”

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गल्लीचा असा समज झाला होता तर. छापखान्यातला माणूस, नाव ठेवतो म्हणजे ठरवूनच ठेवत असणार.

केंद्राध्यक्ष उठून आला. “हे बघा काका, नाव यादीत आहे, हरकत कुणी घेतलेली नाही. आणि तक्रार करायची तर ज्याचं मत गेलं त्याने करायची असते. त्यांनी स्वतः यायला…” बोलता बोलता त्याला आपण काय म्हणतोय ते कळलं. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“मी लिहून देतो,” कानामात्रा म्हणाला.

त्याला कागद मिळाला. तिसरीतल्या मुलांच्या बाकावर वाकून त्याने लिहिलं. मतदार क्रमांक, भाग क्रमांक, तिचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख. शेवटी केंद्राध्यक्षाने सांगितलं, नाव आजवर का वगळलं गेलं नाही तेही लिहा, नाहीतर वरून मलाच विचारतील. त्यावर तो सरळ लिहून मोकळा झाला: ‘नोंदणीला आलेल्या बाईंना मी घरात दोन मतदार असल्याचे सांगितले. छापखान्यात हा भाग मीच तपासला. चूक मला दिसली होती. मी ती ठेवली.’

केंद्राध्यक्षाने वाचलं आणि त्याला बाजूला घेतलं. “अहो, असं लिहू नका. तुमच्याच अंगाशी येईल. नोकरी किती राहिली?”

“चार महिने.”

“मग कशाला? ‘नजरचुकीने राहून गेले’ असं लिहा. दोन शब्दांचं काम आहे. मी दुसरा कागद देतो.”

“नजर चुकली नव्हती,” कानामात्रा म्हणाला, आणि त्याने खाली सही केली.

केंद्राध्यक्षाने कागद घडी करून पाकिटात घातला. “तुमचं मत राहिलंय,” त्याने आठवण केली.

बोटाला शाई लागली, मतपत्रिका मिळाली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे कानामात्रा शिक्का हातात धरून उभा राहिला. सहा नावं, सहा चिन्हं. एकतीस वर्षांत तिने आपलं मत कुणाला, याचा त्याला कधी ताकास तूर लागू दिला नव्हता. तो आपलं सांगून टाकायचा आणि वाट बघायचा. ती म्हणायची, गुप्त मतदान असं तुम्हीच छापता ना, मग वाचता येत नाही का? हसायची आणि कामाला लागायची. लोकांचे फोन जोडून द्यायचे आणि ऐकायचं नाही, ही तिची नोकरीच होती. गुपित राखणं तिच्या हाडात मुरलेलं. सहाही चिन्हांवरून त्याने नजर फिरवली. हिने कुठल्यावर मारला असता शिक्का? हे की ते? त्याला सांगता येईना. एवढ्या वर्षांच्या संसारातून एक अंदाजसुद्धा येईना. मागून कुणीतरी खाकरलं. त्याने आपला शिक्का मारला, कागद दुमडला आणि पेटीत टाकला.

शाळेच्या फाटकाशी येऊन तो थांबला. मत देऊन बायका बाहेर पडत होत्या, एकटीदुकटी, घोळक्याने. त्याची नजर प्रत्येकीच्या डाव्या हाताकडे जात होती. सगळ्यांच्या बोटांना शाई. यांतली कुठलीही असेल. किंवा ती सकाळीच घरी जाऊन जेवून झोपलीही असेल. राग येत होता, त्या बाईचा, सायकलवाल्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण ती समोर आली असती तर तिला धरून पोलिसात द्यावं असं त्याला वाटेना. तिला विचारावंसं वाटत होतं, कुणाला दिलंस? बायकोला कधी विचारता न आलेली गोष्ट एका चोर बाईला विचारायची वेळ आली होती, आणि तिने सांगितलं असतं तरी ते उत्तर बायकोचं नव्हतंच. ते उत्तर आता कुणाकडेच नव्हतं. जगात कुठेच नव्हतं.

फाटकाच्या कट्ट्यावर तो बसला आणि रडायला लागला. हुंदके आवरेनात, नाक वाहायला लागलं, आवाज फुटला. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. बंदोबस्ताचा पोलीस शिपाई जवळ आला. सकाळपासून त्याने अशी चारपाच माणसं समजावली असावीत.

“काय काका, यादीत नाव सापडलं नाही का?”

कानामात्राने नकाराची मान हलवली.

“मग झालं काय?”

“बायको गेली हो माझी,” तो म्हणाला.

शिपाई बिचारा दचकला. “कधी? आत्ता? आत?” असं विचारत त्याने हातातली काठी कट्ट्याला टेकवली आणि तो शाळेकडे धावत सुटला.